‘कॉन्सिक्वेन्टली’ कधी लिहावे, कधी टाळावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कॉन्सिक्वेन्टली’चा अर्थ थोडक्यात काय?

आधी सांगितलेल्या गोष्टीमुळेच पुढची गोष्ट घडली, हे दाखवणारे इंग्रजी क्रियाविशेषण. मराठीत ‘त्यामुळे’, ‘परिणामी’, ‘त्याचा परिणाम असा झाला की’. व्याख्येतल्या ‘मुळेच’मधला ‘च’ नजरेआड करू नका. हा शब्द दोन वाक्ये नुसती सांधत नाही, तो एक दावा करतो: पहिले कारण आहे आणि दुसरे त्याचे कार्य. तेवढा दावा करायची तयारी नसेल, तर दुसरा शब्द शोधावा. मी इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत आलेले मजकूर तपासतो. या शब्दाच्या बहुतेक चुका हा दावा विसरल्यामुळे झालेल्या असतात.

उच्चार कसा करायचा?

कॉन्-सि-क्वन्ट्-ली. जोर पहिल्या अवयवावर. आपण लिहिताना ‘क्वेन्ट’ लिहितो म्हणून बोलतानाही तिथेच जोर देतो, पण इंग्रजी कानाला तो अवयव अगदी हलका, जवळजवळ ‘क्वन्ट’ असा ऐकू येतो. अमेरिकन उच्चारात सुरुवातीचा ‘कॉ’ ‘का’कडे झुकतो. बाकी सगळे तेच.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणे. त्याला ‘सोबत’ अशा अर्थाचा ‘कॉन्’ हा उपसर्ग लागून ‘कॉन्सेक्वी’ झाले आणि ते घराणे फ्रेंचमार्गे मध्ययुगाच्या अखेरीला इंग्रजीत पोचले. त्यातले कितीतरी शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत: सीक्वेन्स, सीक्वेल, सेकंड म्हणजे पहिल्यामागून येणारा, कोर्टातला ‘सूट’ म्हणजे दावा. एक नातेवाईक तर आपल्या घरातच सापडतो. संस्कृतात ‘सच्’ असा धातू आहे, अर्थ सोबत असणे, पाठोपाठ असणे. त्यावरून ‘सचिव’ झाला, म्हणजे मुळात सोबती. लॅटिनचा ‘सेक्वी’ आणि संस्कृतचा ‘सच्’ एकाच मुळातून फुटले, असे भाषाशास्त्र सांगते. ‘कॉन्सिक्वेन्टली’ आणि ‘सचिव’ हे असे दूरचे भाऊ.

आपला ‘परिणाम’ मात्र वेगळ्या वाटेने आला. ‘परि’ आणि ‘नम्’, म्हणजे वळणे, पालटणे. सांख्य तत्त्वज्ञानात परिणाम म्हणजे रूपांतर: मातीच पुढे घट होते. लॅटिनला मागून चालत येणारा दिसला, संस्कृतला आतून पालटणारा दिसला. मला यातले संस्कृत चित्र जास्त पटते, कारण नुसते मागून येणे म्हणजे परिणाम नव्हे. ते कसे, हे पुढच्या प्रश्नात येतेच.

‘कॉन्सिक्वेन्टली’ आणि ‘सबसिक्वेन्टली’ एकच ना?

नाही, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. दोघे एकाच आईची लेकरे, दिसायला सारखी, म्हणून घोटाळा होतो. ‘सबसिक्वेन्टली’ म्हणजे फक्त ‘त्यानंतर’. त्यात काळाचा क्रम आहे, कारणाचा आरोप नाही.

आरोप हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका वैद्यकीय अहवालाच्या मराठी अनुवादात असे वाक्य होते: ‘रुग्णाने गोळी घेतली आणि परिणामी अंगावर पुरळ उठले.’ मूळ इंग्रजीत होते, “द पेशंट टुक द टॅब्लेट अँड सबसिक्वेन्टली डेव्हलप्ड अ रॅश.” डॉक्टरने जपून लिहिले होते: गोळी घेतली, नंतर पुरळ उठले, संबंध आहे की नाही ते अजून ठरायचे आहे. अनुवादाने एका शब्दात निकाल लावून गोळीला दोषी ठरवले. ‘परिणामी’ काढून ‘त्यानंतर’ लिहिले आणि वाक्य पुन्हा खरे झाले. बदलला एकच शब्द, पण तो अहवाल पुढे वाचणाऱ्याने त्या शब्दावरूनच औषध बंद केले असते.

‘नंतर’ला ‘मुळे’ समजण्याची खोड आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती. कावळा ताडावर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात, मराठीत आपण कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतो. कावळा बसला आणि ‘सबसिक्वेन्टली’ फांदी तुटली. इथे ‘कॉन्सिक्वेन्टली’ लिहिलेत, तर कावळ्याचे वजन सिद्ध करावे लागेल.

पण ‘नंतर’ कुठे संपते आणि ‘त्यामुळे’ कुठे सुरू होते, हे ठरवायचे कसे?

इतिहासातले एक उदाहरण घेऊ. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात इग्नाझ सेमेलवाइस हा डॉक्टर होता. तिथल्या पहिल्या प्रसूतिकक्षात बाळंतज्वराने फार बायका दगावत. मे १८४७मध्ये त्याने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या कक्षातले मृत्यूचे प्रमाण १८.३ टक्के होते, जूनमध्ये ते २.२ टक्क्यांवर आले.

आता वाक्य लिहा. “हात धुण्याची सक्ती झाली, सबसिक्वेन्टली मृत्यू घटले.” हे त्याच्या विरोधकालाही नाकारता येणार नाही, तारखाच तसे सांगतात. “कॉन्सिक्वेन्टली मृत्यू घटले” असे लिहायचे तर दुसरी कारणे एकेक करून खोडावी लागतात. सेमेलवाइसने ते आधीच केले होते. हवामान कारण असावे म्हणावे, तर दोन्ही कक्षांचे हवामान एकच होते. गर्दी कारण असावी म्हणावे, तर सुइणींच्या दुसऱ्या कक्षात गर्दी जास्त होती आणि मृत्यू कमी होते. त्याच्याकडे ‘कॉन्सिक्वेन्टली’ लिहिण्याइतका पुरावा होता. तरीही त्याच्या काळातल्या अनेक डॉक्टरांनी तो मानला नाही.

तेव्हा कसोटी सोपी आहे, पाळायला मात्र धीर लागतो. वाक्यात ‘त्यानंतर’ घालून बघा, मग ‘त्यामुळे’ घालून बघा. ‘त्यामुळे’ म्हणताना कुणी ‘कशावरून?’ विचारले, तर उत्तर तयार आहे का? असेल तर ‘कॉन्सिक्वेन्टली’. नसेल तर ‘सबसिक्वेन्टली’वर थांबा.

‘देअरफोर’ आणि ‘कॉन्सिक्वेन्टली’ यांत फरक काय?

शब्दकोश दोघांना एकमेकांचे प्रतिशब्द देतात आणि बहुतेक वाक्यांत एकाच्या जागी दुसरा चालतो. “रोड बंद होता, त्यामुळे आम्ही परतलो” इथे दोन्ही शोभतात. फरक कळतो तो कडेच्या वाक्यांत.

समजा, घरात शिरलेल्या माणसाचे बूट ओले दिसले आणि तुम्ही तर्क केला की बाहेर पाऊस पडून गेला असणार. “हिज शूज आर वेट; देअरफोर, इट मस्ट हॅव रेन्ड.” हे बरोबर. इथे ‘कॉन्सिक्वेन्टली’ घातले, तर बुटांनी पाऊस पाडला असा भास होतो. कारण खरे उलटे आहे: पावसामुळे बूट ओले झाले. तर्क मात्र बुटांवरून पावसाकडे गेला. ‘देअरफोर’ तर्काच्या दिशेने चालतो, ‘कॉन्सिक्वेन्टली’ घटनेच्या दिशेने. बहुतेक वेळा दोन्ही दिशा एकच असतात, म्हणून फरक जाणवत नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे प्रसिद्ध वाक्य घ्या. त्याने ते १६३७मध्ये फ्रेंचमध्ये छापले, १६४४मध्ये लॅटिनमध्ये. इंग्रजीत ते “आय थिंक, देअरफोर आय ऍम” असे रुळले. तिथे ‘कॉन्सिक्वेन्टली’ बसवून पाहा. वाक्याचा अर्थ असा होतो की मी विचार केला आणि त्या विचाराने मला जन्माला घातले. देकार्तला ते म्हणायचे नव्हते. मी विचार करतो यावरून मी आहे हे निश्चित कळते, एवढेच त्याचे म्हणणे. मराठीत आपण ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ म्हणतो. माझ्या मते ‘ज्याअर्थी मी विचार करतो, त्याअर्थी मी आहे’ हे अधिक नेमके आहे. ‘त्यामुळे मी आहे’ हे तर साफ चूक.

गणितातली तीन टिंबांची त्रिकोणी खूणही ‘देअरफोर’चीच. योहान रान या स्विस गणितज्ञाच्या १६५९च्या बीजगणिताच्या पुस्तकात ती छापलेली आहे. ती वाचताना ‘कॉन्सिक्वेन्टली’ कुणी म्हणत नाही, कारण समीकरणात काही घडत नसते, फक्त निष्पन्न होत असते.

मी लिहिलेल्या वाक्यात अर्थ बरोबर असतो, तरी स्वल्पविरामावर लाल खूण येते. का?

कारण आपल्या व्याकरणाची सवय इंग्रजीत शिरते. शाळेतले मराठी व्याकरण आठवा: म्हणून, सबब, यास्तव, तेव्हा ही परिणामबोधक उभयान्वयी अव्यये. उभयान्वयी म्हणजे दोन वाक्ये जोडण्याचा अधिकार असलेला शब्द. म्हणून ‘पंप बंद पडला, म्हणून तळघरात पाणी भरले’ हे मराठीत निर्दोष आहे. आपण तोच साचा इंग्रजीत ओततो: “द पंप फेल्ड, कॉन्सिक्वेन्टली द बेसमेंट फ्लडेड.” आणि इथे अडकतो. इंग्रजीत ‘कॉन्सिक्वेन्टली’ उभयान्वयी नाही, क्रियाविशेषण आहे. ते नाते सांगते, पण दोन स्वतंत्र वाक्ये एकत्र बांधण्याचे बळ त्याच्यात नाही. एकट्या स्वल्पविरामातही ते नाही. दोन अशक्त दुव्यांवर पूर्ण वाक्य टांगल्यासारखे होते.

हेच वाक्य दुरुस्त करू. पहिला उपाय, पूर्णविराम: “द पंप फेल्ड. कॉन्सिक्वेन्टली, द बेसमेंट फ्लडेड.” दुसरा, अर्धविराम: “द पंप फेल्ड; कॉन्सिक्वेन्टली, द बेसमेंट फ्लडेड.” दोन घटना एकमेकींना चिकटलेल्या दाखवायच्या असतील, तर मला अर्धविराम आवडतो. तिसरा, ‘अँड’ची मदत घ्या: “द पंप फेल्ड, अँड कॉन्सिक्वेन्टली द बेसमेंट फ्लडेड.” आता जोडण्याचे काम ‘अँड’ करते, म्हणून स्वल्पविराम पुरतो. चौथा उपाय सगळ्यात सोपा: “द पंप फेल्ड, सो द बेसमेंट फ्लडेड.” ‘सो’ हा इंग्रजीतला खरा उभयान्वयी आहे, आपल्या ‘म्हणून’च्या जातीचा.

‘देअरफोर’, ‘दस’, ‘हेन्स’, ‘ॲकॉर्डिंगली’, ‘हाउएव्हर’ या सगळ्यांना हाच नियम लागू पडतो. एकदा हे कळले की लिखाणातल्या निम्म्या लाल खुणा नाहीशा होतात. माझ्या स्वतःच्या झाल्या, आणि शाळेत हे कुणी मराठीच्या अंगाने समजावले असते तर कित्येक वर्षे आधी झाल्या असत्या.

शब्द वाक्यात कुठे ठेवायचा?

सुरुवातीला ठेवलात तर पुढे स्वल्पविराम द्या. मध्ये ठेवायचा झाल्यास मुख्य क्रियापदाच्या आधी: “द फाइल वॉज डॅमेज्ड. द प्रोग्रॅम कॉन्सिक्वेन्टली क्रॅश्ड.” सहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर: “द फ्लाइट वॉज कॉन्सिक्वेन्टली डिलेड.” मध्ये आल्यावर सहसा स्वल्पविराम लागत नाहीत. वाक्याच्या शेवटी तो लंगडतो, तिथे ‘ॲज अ रिझल्ट’ छान बसते.

एक सुंदर जागा फार कमी लोक वापरतात, दोन विशेषणांच्या मध्ये: “अ लाँगर अँड कॉन्सिक्वेन्टली हेव्हिअर बीम.” लांब आणि त्यामुळेच जड तुळई. एका शब्दात अख्खे पोटवाक्य वाचते.

“ॲज देअर वॉज नो पॉवर, कॉन्सिक्वेन्टली द सर्व्हर स्टॉप्ड” हे बरोबर आहे का?

नाही. हीही आपल्या भाषेची सावली. मराठीत जोडशब्दांची जोडीच चालते: ज्याअर्थी–त्याअर्थी, जर–तर, जरी–तरी. एक बाजू सांगितली की दुसरी आल्याशिवाय कानाला चैन पडत नाही. इंग्रजीत कारण एकदाच दाखवतात. ‘ॲज’, ‘सिन्स’, ‘बिकॉज’ यांपैकी काही आले की ‘कॉन्सिक्वेन्टली’ची गरज उरत नाही. “ॲज देअर वॉज नो पॉवर, द सर्व्हर स्टॉप्ड” पुरे. ‘ऑलदो’ लिहून पुढे ‘बट’ लिहिण्याची चूकही याच मुळातली.

‘सो कॉन्सिक्वेन्टली’ ही तशीच दुहेरी गाठ. एकच ठेवा.

‘दस’, ‘हेन्स’, ‘ॲकॉर्डिंगली’, ‘देअरबाय’ यांचे काय?

प्रत्येकाचा मराठी जोडीदार लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही. ‘दस’ म्हणजे ‘अशा रीतीने’, त्यात परिणामाबरोबर पद्धतही येते. ‘हेन्स’ म्हणजे ‘इथून, यावरून’. त्याच्यापुढे नुसते नाम चालते: “हेन्स द नेम”, म्हणून हे नाव पडले. ही सोय ‘कॉन्सिक्वेन्टली’ला नाही. ‘ॲकॉर्डिंगली’ म्हणजे ‘त्याप्रमाणे, तदनुसार’. तिथे कुणीतरी परिस्थिती पाहून पाऊल उचलते: नियम बदलला आणि ‘ॲकॉर्डिंगली’ अर्ज सुधारला. पंप बंद पडल्यावर पाणी विचार करून ‘तदनुसार’ भरत नाही, म्हणून तिथे हा शब्द चालणार नाही. ‘देअरबाय’ म्हणजे ‘असे करून, त्या योगे’. एकाच कृतीतून दुसरी आपोआप साधली जाते आणि पुढे क्रियापदाचे ‘इंग’ रूप येते.

‘रिझल्टंटली’ आपल्याकडच्या इंग्रजीत बराच दिसतो. टाळा. ‘ॲज अ रिझल्ट’ असताना त्याची गरज नाही.

मराठीत भाषांतर करताना दर वेळी ‘परिणामी’ लिहावे का?

अजिबात नाही. ‘परिणामी’ हा चांगला शब्द आहे, पण भाषांतरांत त्याचा इतका मारा होतो की परिच्छेद सरकारी परिपत्रकासारखा वाटू लागतो. मराठीकडे या कामासाठी भरपूर शब्द आहेत आणि प्रत्येकाचा पोत निराळा आहे.

माझी पहिली पसंती ‘त्यामुळे’ला. त्यातले ‘मुळे’ हे ‘मूळ’ या शब्दातूनच आले आहे: या गोष्टीच्या मुळाशी ती गोष्ट आहे. ‘कॉन्सिक्वेन्टली’ जो दावा करतो, नेमका तोच. निर्जीव घटनांना तो सहज लागतो: तार तुटली, त्यामुळे दिवे गेले.

‘म्हणून’चा स्वभाव वेगळा. तो ‘म्हणणे’ या क्रियापदातून आला, म्हणजे मुळात ‘असे म्हणून’. त्यामुळे त्याचा कल माणसाच्या हेतूकडे, निर्णयाकडे आहे: उशीर झाला म्हणून निघालो. घटनांनाही तो चालतोच, पण त्याच्यात एक धोका आहे. ‘म्हणून’ परिणामही सांगतो आणि उद्देशही. ‘लवकर पोचावे म्हणून धावलो’ यात पोचणे हा परिणाम नाही, हेतू आहे. इंग्रजीत जाताना या ‘म्हणून’चे ‘कॉन्सिक्वेन्टली’ करणारे मी पाहिले आहेत. ते ‘सो दॅट’ किंवा नुसते ‘टू’ हवे.

‘सबब’ कायद्याच्या मराठीत पक्का बसला आहे. निकालपत्रात वरची कारणे सांगून झाली की शेवटी ‘सबब’ येतो आणि त्याखाली आदेश. मूळ अरबी शब्दाचा अर्थच कारण. गंमत अशी की बोलण्यात ‘सबब सांगणे’ म्हणजे निमित्त काढणे, आणि तोच शब्द कोर्टात निर्णयाच्या दारात उभा राहतो. कायद्याच्या मजकुरात ‘कॉन्सिक्वेन्टली’साठी तो जरूर घ्या. ललित लेखात घेतलात तर वाचक दचकेल.

‘साहजिकच’, ‘ओघानेच’, ‘आपसूकच’ हे तिघे परिणाम अपेक्षितच होता असे सांगतात. मूळ इंग्रजीत तसा भाव असेल तरच वापरा, कारण नुसत्या ‘कॉन्सिक्वेन्टली’त अपेक्षा नसते. ‘पर्यायाने’ साखळीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या कडीसाठी उत्तम: थेट परिणाम एकावर, पर्यायाने दुसऱ्यावर. ‘फलतः’ शास्त्रीय निबंधात शोभतो. ‘परिणामस्वरूप’ला हिंदीचा वास येतो, मी तो खोडतो.

आणि पुष्कळदा काहीच लिहू नये. ‘तार तुटली. दिवे गेले.’ मराठी वाचकाला मधला दुवा सांगावा लागत नाही.

या शब्दात वाईट परिणामाची छटा आहे का?

क्रियाविशेषणात नाही. “शी प्रॅक्टिस्ड डेली अँड कॉन्सिक्वेन्टली इम्प्रूव्हड” हे अगदी योग्य. नाम मात्र काळोखाकडे झुकते: ‘फेस द कॉन्सिक्वेन्सेस’ ही धमकीच. मराठीत तेच होते. ‘परिणामी’ तटस्थ आहे, पण ‘परिणाम भोगा’ म्हटले की कुणी आनंदी होत नाही.

‘कॉन्सिक्वेन्शल’, ‘कॉन्सिक्वेन्शली’ हे त्याच अर्थाचे का?

जवळचे, पण अदलाबदल करण्याजोगे नाहीत. ‘कॉन्सिक्वेन्शल’चे दोन अर्थ. एक, महत्त्वाचा, दूरगामी: ‘अ कॉन्सिक्वेन्शल डिसिजन’. दुसरा, मूळ नुकसानीच्या पाठोपाठ अप्रत्यक्षपणे आलेला. करारांत ‘कॉन्सिक्वेन्शल लॉस’ येतो तो हा. यंत्र मोडले ही थेट हानी, यंत्र बंद असल्याने बुडालेला नफा ही अप्रत्यक्ष. करार तपासताना तिथे ‘महत्त्वाचे नुकसान’ असे भाषांतर केलेत, तर कलमाचा अर्थच फिरतो. ‘इनकॉन्सिक्वेन्शल’ म्हणजे क्षुल्लक. ‘कॉन्सिक्वेन्शली’ शब्दकोशात आहे, पण साध्या ‘त्यामुळे’साठी तो वापरू नका.

‘नॉन सेक्विटर’ हाही याच घरचा: आधीच्या बोलण्यातून जे निघत नाही ते विधान.

बोलताना वापरावा का?

गप्पांत नको. ‘सो’ पुरेसा आहे. अहवाल, प्रबंध, अधिकृत पत्र, बातमी इथे ‘कॉन्सिक्वेन्टली’ची जागा. मित्राला पाठवलेल्या संदेशात तो आला तर रागावून लिहिल्यासारखे वाटते.

एकामागून एक परिणाम सांगायचे असतील तर तोच शब्द किती वेळा लिहायचा?

एकदाच, आणि योग्य कडीवर. बाकीचे काम क्रियापदांना करू द्या. उदाहरण म्हणून तांबोरा ज्वालामुखी घेऊ. एप्रिल १८१५मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर त्याचा प्रचंड उद्रेक झाला. गंधकाचे वायू वातावरणाच्या वरच्या थरात गेले, तिथे त्यांचे सूक्ष्म कण झाले, त्या कणांनी सूर्यप्रकाश अडवला, आणि १८१६मध्ये युरोपात आणि ईशान्य अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही म्हणावा इतका थंड गेला. पिके बुडाली, धान्य महागले.

नवशिका लेखक इथे प्रत्येक कडीवर ‘कॉन्सिक्वेन्टली’, ‘देअरफोर’, ‘दस’, ‘हेन्स’ असे फिरवून फिरवून लावतो. वाचक दमतो. ‘ब्लॉक्ड’, ‘कूल्ड’, ‘फेल्ड’, ‘रोज’ ही क्रियापदे परिणाम आपल्या पोटातच घेऊन येतात. प्रकाश अडला की थंडी वाढणार, पीक बुडाले की भाव चढणार, हे सांगायला दुवा नको. वाचकाला आपणहून जोडता येणार नाही अशी कडी एकच आहे: एका दूरच्या बेटावरचा डोंगर आणि हजारो मैलांवरचे गारठलेले शेत. शब्द तिथे ठेवा: “द एरप्शन फिल्ड द अपर एअर विथ सल्फर; कॉन्सिक्वेन्टली, फील्ड्स हाफ अ वर्ल्ड अवे फ्रोझ द फॉलोइंग समर.” मराठीत करताना मी इथे ‘परिणामी’ लिहिणार नाही. ‘त्या उद्रेकाने वरची हवा गंधकाने भरून टाकली, आणि त्यामुळे पुढच्या वर्षी अर्ध्या जगापलीकडची शेते ऐन उन्हाळ्यात गोठली.’